बाहीची घडी

चांगुणाबाईंना माणूस कॉलरच्या आतून दिसायचा. बाहेरून तो कसा चालतो, गळ्यात केवढी साखळी घालतो, गाडीला कुठला नंबर घेतो, यात त्यांना काडीचा रस नव्हता. सदरा टेबलावर आला, कॉलर उलटी केली, की त्या माणसाचं सगळं पुस्तक उघडं. पंचवटीतल्या त्या एका गल्लीत चौतीस वर्षं इस्त्री करून त्यांनी जेवढी माणसं वाचली, तेवढी पोलीस चौकीनंही वाचली नसतील. सभेत स्वच्छतेवर बोलणाऱ्या नगरसेवकाचा कुडता त्या दोन बोटांत धरून लांबूनच टेबलावर ठेवायच्या. गंगेवर रोज पहाटे बुडी मारतो म्हणणाऱ्या एका शेजाऱ्याची कॉलर बघून त्यांनी एकदा त्याच्या बायकोला विचारलं होतं, की बुडी मारताना हे मान पाण्याबाहेर ठेवतात का.

तोंड असं असूनही गिऱ्हाईक तुटत नसे, कारण हात तसा होता. चांगुणाबाईंची घडी दोन दिवस अंगावर मोडत नाही, असं लोक म्हणायचे. पँटची घडी तर कुणीही पाडतं. त्यांची खरी सही होती ती बाहीवर: खांद्यापासून कफापर्यंत एक रेघ, पतंगाच्या मांज्यासारखी. सदरा रिक्षावाल्याचा असो की वकिलाचा, ती रेघ बघून पंचवटीतला माणूस ओळखायचा, की हा चांगुणाबाईंकडचा.

टेबल म्हणजे खरं तर दार होतं. सागवानी. एक जुनी धर्मशाळा पाडली तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं, देवरामनं, ते हातगाडीवर घालून आणलं आणि लोखंडी पायांवर आडवं केलं. कडीचं भोक अजून तसंच होतं. वर देवळाली कॅम्पाच्या बाजारातून आणलेल्या दोन लष्करी घोंगड्या, त्यावर चादर. देवराम गेला, टेबल राहिलं. कोळशाची सात किलोची इस्त्री जाऊन विजेची आली, पण तीही चांगुणाबाईंनी जड बघूनच घेतली. हलक्या इस्त्रीला त्या खेळणं म्हणायच्या. पाण्याची बाटलीही त्यांची स्वतःची, झाकणाला दाभणानं भोकं पाडलेली. आधी पाण्याचा शिडकावा, मग इस्त्री. इस्त्री ठेवायची नाही, फिरवायची. पाणी नाही मारलं तर कपडा ऐकत नाही आणि इस्त्री थांबली तर कपडा जळतो. एवढंच त्यांचं शास्त्र होतं आणि ते ज्याला कळत नाही तो त्यांच्या लेखी अडाणी.

अडाण्यांच्या यादीत गेली सहा वर्षं सगळ्यात वर नाव होतं ते सुनेचं.

चैताली कळवणची. चांगुणाबाई हे गाव असं उच्चारायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं कळवण हा एखादा त्वचारोग आहे. सून कांदा बारीक चिरते तर म्हणे कळवणात दुसरं येतं काय. सून मोठ्यानं हसते तर म्हणे शेतातून शेतात हाका मारायची सवय. चैताली चारचौघांत नाशिककरांसारखंच बोलायची, पण घाबरली की तिच्या तोंडून ‘आहे’च्या जागी माहेरचं ‘शे’ निसटायचं, आणि ते निसटलं की सासू चार दिवस ते जपून वापरायची. भाजी झाली शे का, भांडी घासली शे का.

मुलगा सनी अंबडच्या कंपनीत शिफ्टला जायचा. दोघींच्या मध्ये उभं राहायचं नाही, हे तो कंपनीतल्या मशीनवरून शिकला होता.

या चैतालीनं गेल्या वर्षी घरात प्रिंटर आणला. त्यावर एक विशिष्ट कागद छापायचा, तो टी-शर्टवर उलटा ठेवायचा, वरून गरम इस्त्री दाबायची आणि कागद सोलून काढायचा. अक्षर कपड्यावर उतरतं. चांगुणाबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की म्हणजे कपड्याला चिकटपट्टी. दारावर नाव लावतात तसं माणसाच्या छातीवर लावायचं. हरवला तर कुणीतरी आणून सोडेल.

पहिला प्रयोग नातीच्या वाढदिवसाचा झाला. पिवळा टी-शर्ट, छातीवर ‘दिशा’. चैतालीला एक गोष्ट ठाऊक नव्हती: कागदावर अक्षर उलटं छापावं लागतं, आरशात दिसतं तसं, तेव्हा कुठे कपड्यावर ते सुलटं होतं. तिनं सुलटं छापलं. कागद सोलला, तर काना भलतीकडे, ‘द’ पाठमोरा, सगळं नाव शेजारच्या आळीकडे तोंड करून बसलेलं. पोरगी तोच घालून खूश झाली, पण चांगुणाबाईंना तर दिवाळी. त्या टेबलावरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या, की आईनं पोरीची दिशाच उलटी केली. महिनाभर चैतालीचं नाव आरसेवाली पडलं.

ती रडली नाही, हे मात्र खरं. दुसऱ्या दिवशी तिनं उलटं छापून सुलटं उतरवलं. मग शेजारच्या पोरांचे वाढदिवस, एका महिला मंडळाची सहल, असं करत तिचं काम चालायला लागलं. अडचण एकच होती. हे काम सपाट, टणक जागेवर करावं लागतं आणि तिच्याकडे होता स्वयंपाकाचा ओटा. तो एवढासा, वर कुकर, बाजूला मिसळणाचा डबा. मोठ्या मापाचा टी-शर्ट त्यावर मावायचा नाही. बाह्या लोंबायच्या, सुरकुत्या पडायच्या.

त्याच सुमाराला चांगुणाबाईंचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी हात फिरवायचा नाही असं सांगितलं. इस्त्रीवालीनं हात फिरवायचा नाही म्हणजे गवयानं तोंड उघडायचं नाही. त्या दोन तास काम करायच्या आणि मग खांद्याला गरम फडकं लावून बसायच्या. अशाच एका दुपारी चैतालीनं विचारलं, दुपारनंतर टेबल रिकामं असतं, तर आपण तिथं काम करू का. फक्त घोंगड्या तेवढ्या काढाव्या लागतील, खाली मऊ चालत नाही.

घोंगड्या काढायच्या. चांगुणाबाईंनी फडकं खाली ठेवलं.

“हे टेबल आहे, तुझा ओटा नाही,” त्या म्हणाल्या. “यावर सदरा चढला की माणूस होऊन उतरतो. याच्यावर मी स्टिकर लावू देऊ?”

सनी त्या दिवशी घरी होता. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मध्ये तोंड घातलं. म्हणाला, आई, तुझ्यानं होत नाही, तिच्यानं होतंय, मग दाराची लाकडं काय वाळवीला ठेवायचीत? हे त्याला बोलायला नको होतं. चांगुणाबाईंना वाळवी हा शब्द लागला. त्या उठून उभ्या राहिल्या आणि पैज लावून मोकळ्या झाल्या. रंगपंचमी पंधरा दिवसांवर होती. रहाडीवरच्या मंडळाच्या पोरांनी चैतालीला चाळीस टी-शर्ट सांगितलेत ना? ठीक. ते घालून पोरं रहाडीत उडी मारणार. त्यात जर अक्षर टिकलं, तर टेबल सुनेचं, घोंगड्यांसकट. नाही टिकलं, तर ते यंत्र जिथून आलं तिथं परत जाईल आणि पुन्हा या घरात कुणी टी-शर्टचं नाव काढणार नाही.

चैतालीनं एकदा टेबलाकडे बघितलं. मग म्हणाली, चालेल.

नाशिकबाहेरच्यांना रहाड सांगावी लागते. रस्त्याखाली दगडी बांधकामाचा मोठा हौद, वर्षभर बुजवलेला, ज्यावरून लोक स्कूटर नेतात आणि विसरून जातात. रंगपंचमीला तो उघडतात, रंगीत पाण्यानं भरतात, पूजा होते आणि पोरं वरून उड्या मारतात. ती उडी साधी नसते. अंग असं टाकायचं, की पाणी उसळून काठावरचा माणूस भिजला पाहिजे. तिला धप्पा म्हणतात. चाळीस पांढऱ्या टी-शर्टवर मंडळाला तेवढंच हवं होतं. छातीवर मोठ्या अक्षरात, ‘धप्पा’.

मंडळाचा कारभार नवनाथकडे होता. नवनाथ हा पंचवटीत ज्याला त्याला भाऊ म्हणायचा आणि कुणाचं काम करायचा नाही. त्याच्या सदऱ्याच्या खिशाला कायम शाईचा डाग असे. चांगुणाबाईंच्या मते जो माणूस पेनाचं टोपण लावू शकत नाही त्याच्या हातात मंडळ देणं ही गल्लीची लायकी होती.

चैतालीनं काम सुरू केलं. ओट्यावरचा कुकर उतरला, तीन दिवस घरात खिचडी झाली. चांगुणाबाई स्वयंपाकघराच्या दारात फडकं खांद्याला लावून उभ्या राहायच्या आणि बघायच्या. बघायच्या म्हणजे काय, तमाशाला बसल्यासारख्या. सून पाण्याचा थेंब वापरत नव्हती. उलट, कपडा आधी कोरडाठाक शेकून घेत होती. मग कागद ठेवायची, त्यावर इस्त्री टेकवायची, दोन्ही हातांनी अंग टाकून दाबायची आणि उभी राहायची. एक, दोन, तीन. पंचविसापर्यंत मोजून उचलायची, शेजारी ठेवायची, पुन्हा पंचवीस.

चांगुणाबाईंनी विचारलं, ही इस्त्री आहे का बाळंतिणीचा शेक?

“फिरवली की कागद सरकतो, आई,” चैताली म्हणाली. “फिरवायची नाही. धप्पा द्यायचा.”

हे वाक्य चांगुणाबाईंनी गल्लीभर नेलं. आमच्याकडे आता इस्त्रीचा धप्पा देतात म्हणे. इस्त्री फिरली नाही तर ती इस्त्री कसली, चुलीवर विसरलेला तवा. बायका हसल्या. चांगुणाबाई हसल्या नाहीत. त्यांचं खरंच म्हणणं होतं ते.

रंगपंचमीच्या दोन दिवस आधी, दुपारी बाराच्या सुमाराला, अठ्ठावीस झाले होते. बारा कागद छापून, कापून ओट्यावर तयार पडले होते. चैताली दिशाला शाळेतून आणायला निघाली. जाताना म्हणाली, आई, तेवढे बारा राहिलेत, आल्यावर करते, हात लावू नका. ‘हात लावू नका’ हे तिनं पोरीला सांगतात त्या सुरात सांगितलं, किंवा चांगुणाबाईंना तसं ऐकू आलं.

ती गेली आणि पाच मिनिटांत नवनाथ आला. गठ्ठा लगेच हवा होता, पोरांना मापं बघून वाटायचे होते. त्यानं झालेल्यांतला एक उचलला. अक्षर ठीक होतं, पण कपडा खरोखरच वाईट दिसत होता, ओट्यावर कोंबून कोंबून चुरगळलेला. त्यानं तो दोन बोटांत धरून लांब केला. अगदी चांगुणाबाई नगरसेवकाचा कुडता धरायच्या तसा.

“मावशी,” तो म्हणाला, “इस्त्रीवालीच्या घरचा माल ना हा? गाढवाच्या पाठीवरून आलाय वाटतं.”

चांगुणाबाईंना चौतीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. बोलायची टाप नव्हती, आणि ज्याच्या खिशाला शाईचा डाग त्यानं तर नाहीच. त्यांनी नवनाथला बाहेरच्या बाकावर बसवलं. बस म्हणाल्या, अर्धा तास. इस्त्री काय असते ते घेऊन जा.

झालेल्या अठ्ठाविसांना त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्याचं उष्टं त्या उचलत नसत. राहिलेले बारा टी-शर्ट आणि बारा कागद त्यांनी टेबलावर आणले, घोंगड्यांवर. बाटली उचलली आणि पाण्याचा सडा मारला, बारीक, सारखा, एक थेंब जास्त नाही. कागद उलटा ठेवला. तेवढं त्यांना आता ठाऊक होतं, दारात उभं राहून तेवढं त्यांनी घेतलं होतं. आणि मग इस्त्री फिरवली. खांदा कळवळला, त्यांनी लक्ष दिलं नाही. कागद थोडा सरकला, डाव्या हातानं धरला. पाण्याची वाफ कागदाखालून सूं करत निघाली. हा आवाज त्यांना फार आवडायचा. कपडा शरण आला, की तो असा आवाज करतो.

कागद सोलला. ‘धप्पा’. सुलटा, चकचकीत. यात पंचवीस मोजण्यासारखं काय होतं, हे त्यांना कळेना. एवढंसं काम, आणि ही बाई देवाला साकडं घातल्यासारखी उभी राहते.

मग सवयीनं हात बाहीकडे गेला. अर्ध्या बाहीचा टी-शर्ट, होजिअरीचा, लोळागोळा होणारा कपडा. त्याला आजवर कुणी घडी पाडली नसेल. चांगुणाबाईंनी पाडली. दोन्ही बाह्यांना, खांद्यापासून टोकापर्यंत मांज्यासारखी रेघ. बाराच्या बारा. नवनाथनं गठ्ठा उचलला, ते बारा वर ठेवले आणि काही न बोलता गेला. यालाच त्या माफी समजल्या.

चैताली आली तेव्हा ओटा रिकामा होता. तिनं आत बघितलं, मग टेबलाकडे. चादरीवर अजून ओल होती. तिनं तळहात ठेवून बघितला.

“पाणी मारेल शे,” ती स्वतःशीच म्हणाली.

“मग काय थुंकी लावू?” चांगुणाबाई म्हणाल्या. “आणि शे शे काय करतेस. झाले तुझे बारा. शिकायचं असेल तर जाऊन बाह्या बघून ये.”

चैताली चपला न काढता तशीच उभी राहिली. गठ्ठा मंडळात गेला होता, एव्हाना वाटलाही गेला असेल. जास्तीचा कागद नव्हता. तिनं एकदा सासूच्या खांद्याकडे बघितलं, फडकं उकळत्या पाण्यात टाकलं, पिळलं आणि आणून दिलं. चांगुणाबाईंना वाटलं, चला, अखेर बाईला हात कशाला म्हणतात ते कळलं.

रंगपंचमीला दुपारनंतर रहाडीवर गर्दी झाली. पाणी गुलाबी, काठ गुलाबी, कुत्री गुलाबी. चांगुणाबाई एका दुकानाच्या उंच पायरीवर जागा धरून बसल्या होत्या. खाली सनी, त्याच्या खांद्यावर दिशा, तोच उलटा टी-शर्ट घालून. बाजूला चैताली, पदर घट्ट खोचून, परीक्षेच्या निकालाला आल्यासारखी. टेबलाची पैज गल्लीत सगळ्यांना माहीत होती. चांगुणाबाईंनीच सांगितली होती.

चाळीस पोरं रांगेत उभी राहिली. अठ्ठावीस नुसतीच पोरं दिसत होती, अंथरुणातून उठून आल्यासारखी. बारा जणांच्या बाह्या उभ्या होत्या. लांबूनही रेघ दिसत होती. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, हे बारा रहाडीला आलेत का साखरपुड्याला? चांगुणाबाईंनी मान ताठ केली. नवनाथनं साहजिकच त्या बारांतला एक स्वतःला ठेवला होता. मंडळाचा पुढारी तो, चुरगळलेला कसा घालेल.

ढोल वाजला आणि पहिला धप्पा पडला. मग दुसरा, मग मोजदाद राहिली नाही. पोरं गुलाबी पाण्यात नाहीशी व्हायची आणि वर यायची ती डोळे पुसत. टी-शर्ट सगळे गुलाबी झाले. चुरगळलेल्यांच्या छातीवर अक्षर जिथल्या तिथं होतं, पाण्यानं धुऊन उलट उठून दिसत होतं. ‘धप्पा’. आणखी एक. ‘धप्पा’. चांगुणाबाई कड निघालेली शोधत होत्या. सापडेना.

मग रांगेतला पहिला ताठ बाहीवाला वर आला. त्याच्या छातीवरून काहीतरी लोंबत होतं, उकळलेल्या दुधावरच्या सायीसारखं. दुसऱ्याच्या छातीवर काहीच नव्हतं. तिसऱ्याचं अर्धं. पाण्यावर एक ‘ध’ तरंगत काठाला आला, आणि एका पोरानं तो उचलून कपाळाला लावला. नवनाथ सगळ्यात शेवटी वर आला, हात उंचावून, लोकांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून. लोक वाजवायच्या बेतातही होते. पण त्याच्या छातीवर फक्त ‘प्पा’ उरलं होतं.

गल्लीनं क्षणभर वाचलं. मग जो हशा उठला तो पलीकडच्या घाटापर्यंत गेला असेल. कुणी म्हणालं प्पा आले, कुणी म्हणालं प्पा, खाऊ आणलात का. नवनाथला पंचवटीत पुढची कितीतरी वर्षं या नावानं हाक मारणार होते, आणि ते त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं. तो निथळत थेट चैतालीसमोर आला.

काय बोलला ते सगळं सांगण्यासारखं नव्हतं. कळवणची छपाई, फसवणूक, मंडळाची इज्जत, बायकांच्या हाती काम दिलं ही चूक. बारा कपडे मोजून दाखवले त्यानं. अठ्ठाविसांकडे बोट केलं नाही. सनी पुढे झाला, तर चैतालीनं त्याला दंडाला धरून थांबवलं.

चांगुणाबाईंना पायरीवरून सगळं स्पष्ट दिसत होतं. कुठले बारा, ते. ज्यांच्या बाह्यांना रेघ होती, तेच. दुसरा एकही नाही. कोरडा कपडा, कडक ओटा, पंचविसापर्यंत मोजणं, ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून पुन्हा एकदा गेलं, आणि या वेळी त्यांना हसू आलं नाही. आणि त्याच वेळी हेही कळत होतं, की पैज जिंकली. अक्षर निघालं होतं. गल्लीनं बघितलं होतं. टेबल, घोंगड्या, सगळं जिथल्या तिथं राहणार. फक्त गप्प बसायचं होतं. चौतीस वर्षांत त्यांना एवढी एकच गोष्ट जमली नव्हती.

नवनाथ विचारत होता, हे बारा कुणी केले? अठ्ठावीस नीट आणि बारा असे कसे? कुणाचे हात लागले याला?

“माझेच,” चैताली म्हणाली. “घाई झाली, भाऊ. चुकलं माझं.”

चांगुणाबाईंच्या टाळक्यात काहीतरी फुटलं. ही बाई, जिला रुमालाची चौकट जमत नाही, चारचौघांत म्हणते ते बारा माझे. ती रेघ माझी. पंचवटीत ही चोरी त्यांनी देवरामलासुद्धा माफ केली नसती. त्या पायरीवरून उठल्या, गुलाबी चिखलातून चालत आल्या आणि दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

“खोटं बोलते ती,” त्या म्हणाल्या. “बाह्या बघितल्यास का त्यांच्या? कळवणात बापजन्मी कुणी पाडली का अशी घडी?”

नवनाथनं स्वतःच्या बाहीकडे बघितलं. बाही दंडाला चिकटून गुलाबी झाली होती. घडी म्हणण्यासारखं तिथं काही राहिलं नव्हतं.

“कुठाय घडी, मावशी?”

“उडीआधी होती. बारा जणांना होती. सगळ्यांनी बघितली, साखरपुडा म्हणालात. ते बारा माझे. मी पाणी मारलं, मी फिरवली. हिनं नको म्हणून सांगितलं होतं.” त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांच्या घशातून यायला तयार नव्हतं, त्यांनी ते ओढून काढलं. “ते चुरगळलेले अठ्ठावीस, ते हिचे.”

गर्दीतून एका बाईनं विचारलं, म्हणजे टिकले ते सुनेचे का?

“चुरगळलेले, म्हटलं मी,” चांगुणाबाई म्हणाल्या आणि नवनाथकडे वळल्या. “आणि तू. बारा महिने खिशाला डाग घेऊन फिरतोस, तेव्हा कुठे जाते इज्जत? कागद येऊ दे, बारा परत करून मिळतील. आता जा, अंग पूस, प्पा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, काम आटोपल्यावर, त्यांनी चादर काढली. मग वरची घोंगडी, मग खालची. खाली सागवान काळंभोर, गुळगुळीत, मधोमध कडीचं भोक. चैताली इस्त्री हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती, आत पाऊल टाकायचं की नाही या विचारात. चांगुणाबाईंनी पाण्याची बाटली उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. म्हणाल्या, ही इथं ठेवत नाही, तुझा भरवसा नाही. यावर चैताली हसली असती, पण तेवढं धाडस तिनं केलं नाही.

तिनं कपडा पसरला, सकाळीच आणलेला नवा कागद ठेवला, इस्त्री टेकवली आणि मोजायला लागली. चांगुणाबाई बाकावरून बघत होत्या.

“अठराला हात हलला तुझा,” त्या म्हणाल्या. “कागद सरकला केसभर. ऊठ.”

त्यांनी इस्त्री घेतली. फिरवायची नाही, हे हाताला समजवायला थोडा वेळ लागला. मग दोन्ही तळवे ठेवून त्यांनी अंग टाकलं, कण्यापासून, आणि तशाच उभ्या राहिल्या. पंचवीस झाले. उचलली, शेजारी ठेवली. पुन्हा पंचवीस. खांद्याची त्यांना आठवण आली ती कागद सोलताना. तो दुखला नव्हता. त्यात हातानं करण्यासारखं काही नव्हतंच मुळी, नुसतं वजन.

“हे काय काम आहे,” त्या म्हणाल्या. “झोपेत होईल.”

आणि सहावा संपेपर्यंत त्यांनी इस्त्री सुनेच्या हातात दिली नाही. चैताली कागद लावून देत होती, त्या धप्पा देत होत्या. सहाव्याला मात्र कागद सोलल्यावर त्यांनी छापाला हात न लावता बाही ओढून सरळ केली आणि इस्त्रीचं टोक खांद्यापाशी टेकवलं.

“आई,” चैताली म्हणाली, “टी-शर्टच्या बाहीला घडी नसते.”

“कळवणात नसते.”